रस्ता आधी लागतो, पैसा नंतर येतो

प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या कडेला तीन हजार घरांची वस्ती मंजूर झाली. तिथं जाणारा रुंद रस्ता नकाशावर आहे, जमिनीवर नाही. बिल्डर म्हणतो, माझं विकास शुल्क कधीच भरून झालंय. पालिका म्हणते, पैसे नाहीत. मग खोटं कोण बोलतंय? आणि मुळात शहरं अशा रस्त्यांसाठी पैसा आणतात तरी कुठून?

बहुतेक वेळा खोटं कोणीच बोलत नाही. पालिकांची भांडवली अंदाजपत्रकं आणि रस्त्यांच्या आखण्या यांतच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रस्त्याचा पैसा मिळतो, पण रस्ता वापरात आल्यावर मिळतो. घरं विकली जातात, जमिनीचे भाव चढतात, दुकानं उघडतात, मालमत्ता कर सुरू होतो, आणि यातलं प्रत्येक उत्पन्न रस्त्यानंतरचं असतं. मधली वर्षं कोणीतरी पदरमोड करायची असते. ती कोणी करायची आणि वस्ती ठरल्याप्रमाणे वाढली नाही तर बुडायचं कोणी, यावर सगळं अडतं.

साधा हिशोब करू. रस्त्याचा खर्च १०० धरा. तीन हजार घरं दहा वर्षांत होणार, वर्षाला तीनशे. शुल्क बांधकाम परवान्याच्या वेळी भरायचं, म्हणजे वर्षाला १० जमा होणार. कागदावर जमाखर्च चोख जुळतो. पण रस्ता पहिल्या वर्षी हवा आणि तेव्हा हातात आहेत १०. त्यात ओढ्यावरचा पूलही उभा राहणार नाही. बरं, कर्ज काढलं. व्याज ८ टक्के धरलं तर दहा वर्षं दरवर्षी येणाऱ्या १० ची आजची किंमत, म्हणजे त्या भरवशावर आज हातात येऊ शकणारी रक्कम, जेमतेम ६७ भरते. एक तृतीयांश रस्ता वाट पाहण्यातच गेला. घरबाजार थंडावला आणि तीच घरं व्हायला वीस वर्षं लागली, तर वर्षाला ५ येतील आणि आजची किंमत ४९ वर उतरेल. कर्ज न काढता पैसे साठेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर बांधकामाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत दहाव्या वर्षी तोच रस्ता १७९ ला पडतो. त्यामुळे 'शुल्क भरलंय' आणि 'पैसे नाहीत' ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

पैसा कुठून येतो याची उत्तरं अनेक आहेत. मी जमिनीपासून सुरुवात करतो, कारण भरवस्तीच्या कडेला रस्त्याचा सगळ्यात जड खर्च बहुधा जमिनीचाच असतो. खडी-डांबराचा अंदाज कोणताही कनिष्ठ अभियंता काढून देईल. भूसंपादनाचा अंदाज मात्र नेहमी चुकतो, आणि तोही एकाच दिशेनं.

याचा धडा पॅरिसनं घेतला. ओस्मान १८५३ मध्ये तिथला प्रिफेक्ट, म्हणजे सरकारनं नेमलेला मुख्य प्रशासक, झाला आणि जुन्या वस्त्या फोडून सरळ रुंद रस्ते काढू लागला. १८५२ च्या हुकुमानं त्याला मोठी सोय करून दिली होती. रस्त्याच्या पट्ट्यात भूखंडाचा तुकडाच येत असला तरी गरज पडल्यास अख्खा भूखंड घेता येत असे. रस्ता झाला की उरलेली जागा रस्त्याकाठची होई, तिचा भाव चढे आणि ती विकून खर्च भरून काढता येई. म्हणजे रस्त्यानं वाढवलेली किंमत रस्त्यालाच मिळाली. पण हे फार दिवस चाललं नाही. १८५८ मध्ये निर्णय झाला की रस्त्याला न लागलेली जमीन मूळ मालकाला परत द्यायची. तिकडे नुकसानभरपाई ठरवणारे पंच आकडे वाढवत होतेच. खर्च तोच राहिला, नफा मालकांकडे गेला. मग ठेकेदारांनी आधी काम करायचं, शहरानं नंतर हप्त्यांत पैसे द्यायचे आणि त्या हप्त्यांच्या चिठ्ठ्या बाजारात वटवायच्या, असा आडमार्गाचा कर्जव्यवहार सुरू झाला. तो उघड झाल्यावर गदारोळ उडाला आणि जानेवारी १८७० मध्ये ओस्मानला पदावरून जावं लागलं. त्या कामांचं कर्ज फिटायला १९२९ साल उजाडलं. रस्ते अजून वापरात आहेत, त्यामुळे सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यामुळे वाढलेला भाव शहराच्या हातून सुटला की सगळा भार कर्जावर येतो, हे तिथं लख्ख दिसतं.

जमीन विकत न घेता मिळवायचा मार्ग म्हणजे जमिनींची फेरआखणी. मला विचाराल तर रिकाम्या कडेच्या भागासाठी याच्याइतकं चांगलं साधन नाही. कल्पना सोपी आहे. शंभर शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या पट्ट्या कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांत पाडून मूळ मालकांनाच परत द्यायची. समजा एकाचं दहा हजार चौरस मीटरचं शेत आहे, चाळीस मीटर रुंद, अडीचशे मीटर लांब, आत शिरायला फक्त बांधावरची वाट. त्याला परत मिळतात सहा हजार चौरस मीटर, पण रस्त्याला लागून, मोजणी झालेले आणि बांधकामाला योग्य. चाळीस टक्के जमीन गेली. पण उरलेल्या जमिनीचा भाव दुपटीनं वाढला तर मूळ १०० च्या जागी त्याच्याकडे १२० झाले. शहराला रस्त्याची जमीन रोख न मोजता मिळाली. शिवाय काही भूखंड विक्रीसाठी राखून ठेवले की त्यांच्या पैशातून डांबर आणि गटारंही होतात.

फ्रँकफर्टसाठी असा कायदा १९०२ मध्ये झाला. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोची उभारणी याच पद्धतीनं झाली, आणि तेव्हा १० टक्क्यांपर्यंत जमीन मोबदल्याशिवाय घेण्याची तरतूद होती. जपाननं पुढे १९५४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तर ही गोष्ट शतकाहून जुनी आहे. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा. नगररचना योजना, मूळ भूखंड, अंतिम भूखंड ही भाषा तिथून आली. गुजरातनं १९७६ च्या कायद्यातून ती जिवंत ठेवली, आणि अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या रिंग रोडची जमीन मुख्यत्वे अशाच योजनांमधून उभी राहिली.

पण यात दोन खाचखळगे आहेत. पहिला वेळेचा. हरकती, सुनावण्या, लवाद, पुन्हा हरकती असं करत योजना वर्षानुवर्षं रेंगाळते. म्हणून शहाणी शहरं आराखड्याचा मसुदा मंजूर होताच रस्त्याचा पट्टा ताब्यात घेतात आणि भूखंडांचा हिशोब मागाहून मिटवतात. दुसरा भावाचा. हे सगळं गणित जमिनीचा भाव चढेल यावर उभं आहे. जपानमध्ये १९९० नंतर जमिनीचे भाव कोसळले तेव्हा विक्रीसाठी राखलेले भूखंड पडून राहिले आणि अनेक योजना तोट्यात गेल्या. आणि जिथं आधीच दाटीनं छोटी घरं उभी आहेत, तिथं चाळीस टक्के कुठून कापणार? तिथं हे चालत नाही.

रोख न देण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कागद देणं. मालकानं रस्त्याची जमीन सोडायची, बदल्यात त्याला तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा हक्क मिळतो आणि तो विकताही येतो. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीनं हा हस्तांतरणीय विकास हक्क, सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीआर, रूढ केला. पालिकेच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही, म्हणून हा मार्ग अधिकाऱ्यांना फार प्रिय. मला मात्र तो फुकटचा कधीच वाटला नाही. तिथल्या नियमानुसार हा हक्क मूळ जागेच्या उत्तरेकडे, उपनगरांत वापरायचा होता. म्हणजे रस्ता एका भागात रुंद झाला आणि वाढीव मजले, त्यांची वाहनं, त्यांचं सांडपाणी दुसऱ्या भागात जाऊन पडलं. तिथले रस्ते आणि गटारं होती तेवढीच राहिली. किंमत मोजली गेलीच. फक्त ती अंदाजपत्रकात दिसली नाही.

आता तुमच्या बिल्डरनं भरलेल्या शुल्काकडे येऊ.

तत्त्व सरळ आहे. नव्या घरांमुळे जेवढी वाहतूक वाढेल तेवढ्या रस्त्याचा खर्च नव्या घरांनी द्यावा. अमेरिकेत वाहतूक अभियंते स्वतंत्र घरामागे दिवसाला साधारण ९ ते १० फेऱ्या धरतात, त्यातली सुमारे १ फेरी संध्याकाळच्या गर्दीच्या तासातली. घरांच्या संख्येनं गुणा, रस्त्याची क्षमता ताडून पाहा, खर्च वाटून टाका. मात्र रस्ता आधीच तुंबलेला असेल तर ती जुनी तूट नव्या माणसाच्या माथी मारायची नाही. हा नियम प्रत्येक जाणकार मान्य करतो आणि शुल्काचा तक्ता बनवताना जवळजवळ प्रत्येक शहर तो वाकवून पाहतं.

याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. एल डोराडो काउंटीत एका माणसाला स्वतःच्या जागेवर कारखान्यात तयार केलेलं एक घर ठेवायचं होतं. परवान्यासाठी त्याला वाहतूक शुल्क भरावं लागलं, २३,४२० डॉलर. त्याच्या घरामुळे वाहतूक किती वाढेल हे कोणी मोजलं नव्हतं. आकडा विभाग आणि बांधकामाचा प्रकार पाहून तक्त्यातून काढलेला होता. त्यानं पैसे भरले आणि दावा लावला. यापूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ आणि १९९४ च्या दोन निकालांत दोन कसोट्या घातल्या होत्या: परवान्यासाठी घातलेल्या अटीचा त्या बांधकामाच्या परिणामाशी खरा संबंध हवा, आणि मागणी त्या परिणामाच्या ढोबळ प्रमाणात हवी. शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शुल्क लोकप्रतिनिधींनी सरसकट कायद्यानं लावलेलं आहे, एवढ्यावर ते या कसोट्यांतून सुटत नाही. ते शुल्क जास्त होतं की नाही, हे मात्र तिथं ठरलं नाही.

इतकं शुल्क लावायची वेळ का आली, तेही सांगतो. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कर खरेदीच्या वेळच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला. जुने रहिवासी खूश झाले, शहरांचा हात आखडला. मग १९८२ च्या कायद्यानं नव्या वसाहतींना वेगळा विशेष कर लावायची मुभा दिली. त्या कराच्या भरवशावर आधी कर्जरोखे काढायचे, रस्ते-गटारं बांधायची आणि पुढे वीस-तीस वर्षं तिथले घरमालक ते फेडत राहणार. पैसा रस्त्यानंतर येण्याची अडचण यानं सुटते, हे खरं. पण घर घेणाऱ्याला हा वेगळा कर पहिल्या बिलावर दिसतो तेव्हा धक्का बसतो, आणि शेजारच्या जुन्या वस्तीतला माणूस तोच रस्ता त्या कराविना वापरतो.

शुल्काचा दुसरा रोग मी स्वतः पाहिला. एका शहरात लेखापरीक्षणात असं निघालं की रस्त्यांच्या नावानं घेतलेलं शुल्क सर्वसाधारण निधीत मिसळून गेलं होतं आणि पगार, वीजबिलं, पंपांची दुरुस्ती यांत खर्चलं होतं. चोरी कोणी केली नव्हती. खातं वेगळं नव्हतं, एवढंच. दुसऱ्या एका ठिकाणी उलट झालं. खातं वेगळं होतं, शिल्लक भरपूर होती, पण ती अकरा रस्त्यांमध्ये विभागलेली. एकाही रस्त्याला पुरेल इतकी नाही आणि एकाची दुसऱ्याला देण्याची परवानगी नाही. अकराही रस्ते तसेच राहिले. मी तिथं असतो तर प्राधान्य ठरवून दोन रस्ते पूर्ण केले असते. नऊ प्रभागांची नाराजी पत्करून ते कोण करणार, हा मात्र वेगळा विषय.

बिल्डरकडूनच रस्ता बांधून घ्यावा आणि तेवढं शुल्क माफ करावं, हाही मार्ग आहे. काम झटपट होतं, दर्जाही बहुधा बरा असतो, कारण त्याला घरं विकायची असतात. पण तो त्याच्या भूखंडासमोरचाच तुकडा बांधतो. अर्ध्या रुंदीचे रस्ते तुम्ही पाहिले असतील: एका बाजूला पदपथ, दिवे, झाडं, आणि मधोमध डांबर सुरीनं कापल्यासारखं संपतं. पलीकडे चिखल. तो अर्धा भाग समोरच्या मालकानं विकास केल्यावर व्हायचा असतो आणि तो मालक भाव चढायची वाट बघत बसलेला असतो. यावर उपाय म्हणजे पहिल्याकडून पूर्ण रुंदी करून घ्यायची आणि मागून येणाऱ्यांकडून त्यांचा वाटा वसूल करून त्याला परत द्यायचा. करारात परतफेडीची मुदत आणि व्याज लिहिलं नसेल तर हे कोर्टात जातं.

कर्जाबद्दल फार लिहीत नाही. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, ते पुढचं उत्पन्न आज वापरणं आहे. फेडणार कशातून, एवढाच प्रश्न विचारायचा. त्याचं एक उत्तर म्हणजे वाढीव कराचं. विशिष्ट भागातला आजचा मालमत्ता कर गोठवायचा आणि विकासामुळे वर जो वाढेल तो ठरावीक वर्षं त्याच भागाच्या कामांसाठी बाजूला ठेवायचा. ही युक्ती १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. गोम अशी की वाढ तशीही झालीच असती का, हे कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि तेवढी वर्षं शाळा आणि इतर सेवा त्या वाढीव करातल्या आपल्या वाट्याला मुकतात. वाद इतका वाढला की राज्यानं २०१२ मध्ये अशा वाढीव करावर चालणाऱ्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था गुंडाळल्या.

साओ पावलोनं केलेलं मला जास्त आवडतं. तिथं ठरावीक पट्ट्यात जादा बांधकाम करायचं तर शहराकडून प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. ती लिलावानं विकली जातात, शेअर बाजारात फिरतात, आणि पैसा त्याच पट्ट्यातल्या कामांना बांधलेला असतो. पिन्हेरोस नदीवरचा २००८ चा मोठा केबल पूल अशा पैशातून झाला. इथं पैसा विकासाच्या आधी येतो, आणि बाजार फसला तर प्रमाणपत्रं घेणारा बुडतो, शहर बुडत नाही. मात्र अशी प्रमाणपत्रं तिथंच खपतात जिथं बिल्डर आधीच रांगेत उभे आहेत. ओसाड कडेला लिलाव पुकारलात तर कोणी फिरकणार नाही.

टोलचं म्हणाल तर वस्ती होण्याआधीच्या रस्त्यावर टोल चालत नाही. टेक्सासमध्ये राज्य महामार्ग १३० चा दक्षिणेकडचा भाग खासगी कंपनीनं २०१२ मध्ये सुरू केला. ताशी ८५ मैलांची परवानगी, झकास रस्ता. अपेक्षेइतकी वाहनं आली नाहीत आणि २०१६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी मागितली.

मधली वर्षं पेलायचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे ज्याचे खिसे खोल आहेत त्यानं आधी खर्च करणं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या विस्तारात तसंच झालं. दर घरामागे सुमारे १८,५०० पौंड असा वाटा आधीच ठरवला, सरकारी संस्थेनं पायाभूत कामांवर पैसा आगाऊ घातला आणि घरं होत गेली तशी वसुली. बिल्डरला आकडा पहिल्या दिवसापासून ठाऊक, त्यामुळे तो जमीनमालकाला तेवढं कमी मोजतो. शुल्क ऐनवेळी वाढवलं तर ते घर घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. फार आधी जाहीर केलं तर जमिनीच्या भावातून वजा होतं. हा फरक किती मोठा आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आणि यांपैकी कोणताही पैसा देखभालीचा नाही. शुल्क, रोखे, प्रमाणपत्रं सगळी बांधण्यापुरती. दहा-पंधरा वर्षांनी डांबराचा नवा थर द्यायची वेळ येते तेव्हा तो खर्च सर्वसाधारण निधीवर बसतो. बिल्डरनं 'फुकट' दिलेला रस्ता ताब्यात घेताना हे कोणी विचारत नाही.

तुमच्या रस्त्यापुरतं सांगायचं तर वादात न पडता तीन कागद मागा. एक, आखणीतल्या प्रत्येक गटाची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, आजची मालकी: किती जमीन शहराच्या नावावर आली आणि नेमका कोणता तुकडा अडलाय. बऱ्याचदा पैसा नव्हे, मधला दोनशे मीटरचा एक गटच अडसर असतो. दोन, शुल्क कोणत्या खात्यात आहे आणि ते या रस्त्यासाठी बांधलेलं आहे का. तीन, वस्तीच्या परवानगीतल्या अटी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तयार इमारतीत राहायची परवानगी, रस्त्याशी जोडलंय का, ते त्यात पाहा. 'पहिल्या पाचशे घरांनंतर रस्ता पूर्ण झाल्याशिवाय पुढचा भोगवटा नाही' अशी ओळ सापडली तर तुमच्या हातात काहीतरी आहे, कारण तेव्हा घाई बिल्डरलाही असते. ती ओळ नसेल आणि सगळ्या इमारतींना भोगवटा मिळून गेला असेल, तर तुम्ही आता अंदाजपत्रकाच्या रांगेत आहात. त्या रांगेत पुढे सरकायचं तर पुढच्या वर्षाची मागणी अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधीच्या महिन्यांत द्या, छापून झाल्यावर नव्हे.